लस पुण्याची, कागद कोणाचा?

जुलै २०२१ मध्ये मँचेस्टरच्या विमानतळावर माल्टाला निघालेल्या एका ब्रिटिश जोडप्याला विमानात चढू दिलं गेलं नाही. दोघांचं लसीकरण पूर्ण झालं होतं आणि ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेची नोंदही जवळ होती. अडलं ते बॅच क्रमांकावर. ४१२०झेड००१, ४१२०झेड००२ आणि ४१२०झेड००३ या तीन बॅचेस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाल्या होत्या. त्या वर्षी ब्रिटनने सीरमकडून ५० लाख डोस घेतले आणि आपल्या नागरिकांना दिले. ब्रिटनच्या लेखी ही ॲस्ट्राझेनेकाचीच लस होती. माल्टा मात्र तेव्हा युरोपीय औषध संस्थेने मंजूर केलेल्या लसीच धरत होता. त्या यादीत ॲस्ट्राझेनेकाची ‘व्हॅक्सझेव्रिया’ होती, सीरमची ‘कोविशील्ड’ नव्हती.

दोन्ही लसींचं सूत्र एकच होतं. जागतिक आरोग्य संघटनेने १५ फेब्रुवारी २०२१ रोजीच कोविशील्डला आपत्कालीन वापराची मान्यता दिली होती. तरीही युरोपीय संस्थेचं म्हणणं असं, की लस हे जैविक उत्पादन आहे, कारखाना बदलला की उत्पादनात बारीकसा फरक पडू शकतो, म्हणून मंजुरी देताना उत्पादनाची जागाही तपासावी लागते. पुण्याच्या कारखान्यासाठी तसा अर्जच त्यांच्याकडे आला नव्हता. औषध परवान्याच्या दृष्टीने हे म्हणणं रीतसर आहे. पण औषध विकण्याचा परवाना आणि माणसाला सीमेतून आत येण्याचा परवाना या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एकासाठी केलेली यादी दुसऱ्यासाठी जशीच्या तशी वापरली गेली आणि गोंधळ तिथून सुरू झाला.

२०२० ते २०२३ या काळातले प्रवेशनियम आठवले, की आपल्याला नाकात घातलेली काडी आणि विलगीकरणाची खोली आठवते. माझ्या मते त्या नियमांचा गाभा दुसरीकडे होता. शरीरात विषाणू आहे की नाही, हे सीमेवरचा माणूस पाहू शकत नाही. तो कागद पाहतो. म्हणून प्रत्येक नियमाच्या तळाशी एकच प्रश्न होता: कोणत्या देशाने दिलेल्या कागदावर दुसऱ्या देशाने विश्वास ठेवायचा? हे लक्षात घेतलं, की तेव्हा विचित्र वाटणाऱ्या पुष्कळ गोष्टी उलगडतात.

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग उघड झाला आणि मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांची युरोपने धास्ती घेतली. १८९७ च्या सुरुवातीला व्हेनिसमध्ये केवळ प्लेगसाठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. त्याच वर्षी मुंबई बंदरातून हजला जाणाऱ्या यात्रेकरूंना रोखण्यात आलं, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत साथरोग कायदा आला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने करोनासाठी लागू केला तो हाच कायदा. परदेशांतून आलेल्यांच्या डाव्या हाताच्या मागच्या बाजूवर गृहविलगीकरणाचा शिक्का मारायला सुरुवात झाली तीही त्याच महिन्यात. माणसाच्या कातडीवरच कागद उमटवण्याचा तो प्रकार होता. घाईच्या दिवसांत त्यामागची गरज समजते, पण तो शिक्का घेऊन रेल्वेत बसलेल्या लोकांना सहप्रवाशांच्या तक्रारीवरून खाली उतरवलं गेलं, हेही विसरता कामा नये.

आधी भारताच्या दारावर काय झालं ते पाहू. ११ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने बहुतेक सर्व व्हिसा स्थगित केले. अंमल १३ मार्चपासून. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांकडे जे ओसीआय कार्ड असतं, त्यावरची व्हिसाविना प्रवेशाची सवलतही त्यात गेली. हे कार्ड आजीवन असतं, म्हणून न्यू जर्सी किंवा लंडनमधल्या अनेक मराठी घरांनी ते म्हणजे मायदेशाच्या दाराची किल्ली असं गृहीत धरलं होतं. इकडे आई-वडील आजारी आणि तिकडे मुलांच्या हाती असलेलं कार्ड निरुपयोगी, अशी वेळ आली. मे महिन्यात काही गटांना सूट मिळाली, सगळ्या कार्डधारकांना दार उघडलं ते ऑक्टोबर २०२० मध्ये. दरम्यान २३ मार्चपासून नियमित आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली ती थेट २७ मार्च २०२२ रोजी पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात ७ मे २०२० पासून अडकलेल्या भारतीयांना आणणारी ‘वंदे भारत’ मोहिमेची विमानं आणि जुलैपासून निवडक देशांशी ‘एअर बबल’ करार, एवढ्यावर वाहतूक चालली.

एअर बबल ही व्यवस्था बहुतेकांना नीट समजली नव्हती. ती दोन देशांमधली वाहतूक होती. कोणत्या नागरिकत्वाचा माणूस, कोणत्या व्हिसावर, कुठपर्यंत जाऊ शकतो हे प्रत्येक करारात वेगळं लिहिलेलं असे. संकेतस्थळावर तिकीट मिळालं म्हणजे प्रवास करता येईल, असा अर्थ होत नव्हता. तिकीट विकणाऱ्या यंत्रणेला तुमचा पासपोर्ट कुठला, व्हिसा कुठला याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

खरी सीमा होती चेक-इन काउंटरवर. एखाद्या प्रवाशाला योग्य कागदांविना नेलं, तर उतरलेल्या देशात दंड विमान कंपनीला होतो आणि त्याला परत आणण्याची जबाबदारीही तिच्यावर येते. ही पद्धत साथीच्या आधीपासूनची. म्हणून काउंटरवरचा कर्मचारी संगणकावर ‘टिमॅटिक’ नावाची प्रणाली उघडतो. आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेची, म्हणजे आयाटाची, ही माहितीपेढी. नागरिकत्व, निघण्याचं ठिकाण, थांब्याचं ठिकाण आणि मुक्काम भरला की ती कागदपत्रांच्या अटी दाखवते. साथीच्या काळात या अटी कधी कधी एका रात्रीत बदलत. सरकारी संकेतस्थळावर एक, दूतावासाच्या पानावर दुसरं आणि काउंटरवरच्या पडद्यावर तिसरं असं झालं, तर चालायचं ते पडद्यावरचं. हे ज्यांना माहीत होतं ते निघण्याच्या आदल्या दिवशी विमान कंपनीच्याच कागदपत्र तपासणीच्या पानावर सगळं चढवून होकार मिळवत असत. जाणकार ट्रॅव्हल एजंटही तेच सुचवत.

नियम वाचण्याची एक रीत होती, आणि ती उलट्या दिशेने जाणारी होती. आधी शेवटचा मुक्काम, मग थांबा, मग निघण्याचं ठिकाण. प्रत्येक ठिकाणी चार गोष्टी शोधायच्या: तुम्ही कोण, गेल्या काही दिवसांत कुठे होता, हातात काय आहे आणि उतरल्यावर काय करावं लागेल. यातल्या दुसऱ्या प्रश्नाने सर्वांत जास्त लोकांना अडवलं. ४ मे २०२१ पासून अमेरिकेने, आधीच्या १४ दिवसांत भारतात राहिलेल्या बहुतेक परदेशी नागरिकांना बंदी केली. व्हिसा वैध होता, नोकरी तिथे होती, घराचं भाडं तिथे चालू होतं. पण इकडे भावाच्या अंत्यविधीला येऊन गेलेला माणूस परत जाऊ शकत नव्हता. ब्रिटनने २३ एप्रिलला भारताला लाल यादीत टाकलं. तिथे मोजणी १० दिवसांची. ब्रिटिश व आयरिश नागरिकांना आणि तिथल्या रहिवाशांनाच प्रवेश, तोही सरकारने ठरवलेल्या हॉटेलात विलगीकरण करून आणि एका प्रौढामागे १,७५० पौंड भरून. ऑस्ट्रेलियाने तर मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात भारतातून परतणाऱ्या स्वतःच्याच नागरिकांना तुरुंगवासाची आणि ६६,६०० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या दंडाची तंबी दिली. आपल्याच नागरिकाला घरी येणं हा गुन्हा ठरवणं मला आजही अक्षम्य वाटतं.

दिवस मोजण्यामागे शास्त्र होतं. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ मूळ प्रकारात सरासरी पाच-सहा दिवसांचा आणि कमाल १४ दिवसांच्या आसपासचा धरला गेला. म्हणून १४ दिवस कुठे होता, हा प्रश्न. चाचणीची मुदतही यातूनच आली. लागण झाल्यानंतर पहिले एक-दोन दिवस नमुन्यात विषाणू इतका थोडा असतो, की आरटीपीसीआर चाचणीलाही तो सापडत नाही. नमुना जितका आधी घ्याल तितकी चुकण्याची शक्यता मोठी, आणि निघण्याच्या अगदी तोंडावर घ्यायचा तर अहवाल हातात येणार कसा? या ओढाताणीतून ७२ तास हा आकडा बऱ्याच देशांनी स्वीकारला.

पण ७२ तास कुठून कुठपर्यंत? नमुना दिल्यापासून की अहवाल आल्यापासून, विमान सुटेपर्यंत की उतरेपर्यंत? देशागणिक उत्तर वेगळं. बहुतेक ठिकाणी नमुना घेतल्याची वेळ धरत, आणि ती अहवालावर छापलेली नसेल तर तो कागद फुकट जाई. दुबईने ४८ तासांची आरटीपीसीआर मागितली आणि शिवाय विमान सुटण्याआधी काही तासांत विमानतळावरच रॅपिड पीसीआर. आधी ही मुदत चार तासांची होती, मग सहा तासांची झाली. अमेरिकेने ६ डिसेंबर २०२१ पासून तीन दिवसांऐवजी एक दिवस केला, पण तो २४ तासांचा नव्हता, तारखेचा होता. शुक्रवारी कितीही वाजता विमान असलं तरी गुरुवारी दिवसभरात केव्हाही दिलेला नमुना चालत असे. तास मोजणारे देश आणि तारीख मोजणारे देश असा हा फरक होता. मुंबईहून दुबईमार्गे अमेरिकेला जाणाऱ्याला तर दोन्ही हिशेब एकदमच सांभाळावे लागत.

बरे झालेल्यांची पंचाईत निराळी. आजार गेल्यानंतरही विषाणूचे निर्जीव तुकडे नाकात काही आठवडे राहतात आणि आरटीपीसीआर त्यांनाही पकडते. माणूस ठणठणीत, कोणाला लागण देऊ शकत नाही, पण अहवाल मात्र पॉझिटिव्ह. अमेरिकेने यावर शहाणा मार्ग काढला होता: ९० दिवसांच्या आतला पॉझिटिव्ह अहवाल आणि प्रवासास हरकत नसल्याचं डॉक्टरांचं पत्र, एवढं पुरे. हा पर्याय नियमाच्या मजकुरात खाली कुठेतरी असे, आणि ज्यांनी तिथपर्यंत वाचलं नाही त्यांनी तिकिटं विनाकारण रद्द केली.

आता नावांकडे येऊ, कारण महाराष्ट्रातल्या माणसाला हे हमखास अडायचं. आधारवर स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असे तीन शब्द सलग. पासपोर्टवर नाव आणि आडनाव वेगवेगळ्या रकान्यांत. लग्नानंतर आधारवर सासरचं नाव आणि पासपोर्टवर अजून माहेरचं, असं तर घरोघरी. लस घेताना बहुतेकांनी आधार दाखवलं, त्यामुळे लसनोंदणीच्या ‘कोविन’ या सरकारी संकेतस्थळावरून मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर आधारवरचं नाव आलं. परदेशातल्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने पासपोर्ट एका व्यक्तीचा आणि प्रमाणपत्र दुसऱ्या व्यक्तीचं. जून २०२१ मध्ये कोविनवर पासपोर्ट क्रमांक जोडण्याची आणि नाव दुरुस्त करण्याची सोय झाली, आणि ती दुरुस्तीही एकदाच करता येत होती. सुरुवातीला प्रमाणपत्रावर केवळ जन्मवर्ष, फार तर वय असे. पूर्ण जन्मतारीख नसणं ही पुढे ब्रिटनशी झालेल्या वादातली एक कळीची गोष्ट ठरली.

परदेशी शिकायला निघालेल्या मुलांचा त्या उन्हाळ्यातला पेच आठवतो. १३ मे २०२१ रोजी कोविशील्डच्या दोन डोसांमधलं अंतर १२ ते १६ आठवडे झालं. सप्टेंबरमध्ये कॉलेज सुरू होणार आणि दुसरा डोस मिळेपर्यंत सप्टेंबर उजाडणार. मुंबई महापालिकेने राजावाडी, कूपर आणि कस्तुरबा रुग्णालयांत अशा विद्यार्थ्यांसाठी थेट लसीकरण सुरू केलं, आणि ७ जूनला केंद्राने शिक्षण, नोकरी आणि टोकियो ऑलिंपिकसाठी जाणाऱ्यांना २८ दिवसांनंतर दुसरा डोस घ्यायची मुभा दिली. ही सूट वेळेवर आली. सरकारी यंत्रणा प्रवाशाच्या बाजूने विचार करू शकते, याचं ते चांगलं उदाहरण आहे.

कोव्हॅक्सिन ही दुसरी भारतीय लस घेतलेल्यांना मात्र बराच काळ थांबावं लागलं. जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता ३ नोव्हेंबर २०२१ ला आली. अमेरिकेने ८ नोव्हेंबरला लस घेतलेल्यांसाठी दार उघडलं तेव्हा ती यादीत बसली, ब्रिटनने २२ नोव्हेंबरपासून धरली. केंद्रावर त्या दिवशी कोणती कुपी उपलब्ध होती, यावर लोकांचे पुढचे कित्येक महिने ठरले. लस घेताना त्यांना निवड नव्हती.

कागदावरच्या विश्वासाचा सगळा मामला उघडा पडला तो सप्टेंबर-ऑक्टोबर २०२१ मध्ये. १७ सप्टेंबरला ब्रिटनने नवे नियम जाहीर केले, अंमल ४ ऑक्टोबरपासून. लस घेतलेल्यांना विलगीकरण नाही. मात्र लस ठरावीक देशांच्या आरोग्य यंत्रणेने दिलेली हवी. त्या देशांत भारत नव्हता. म्हणजे पुण्यात तयार झालेली कोविशील्ड लीड्समध्ये टोचून घेतली तर माणूस लसवंत, आणि तीच पुण्यात टोचून घेतली तर दहा दिवस घरात बंद. परराष्ट्र सचिव हर्षवर्धन शृंगला यांनी याला भेदभाव म्हटलं, परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी न्यूयॉर्कमध्ये ब्रिटनच्या परराष्ट्रमंत्री लिझ ट्रस यांच्याकडे विषय काढला. २२ सप्टेंबरला ब्रिटनने कोविशील्डचं नाव मान्य लसींत घातलं, तरी भारत देशांच्या यादीत आला नाही. आता अडचण लसीची नाही, प्रमाणपत्राची आहे, असं सांगण्यात आलं. भारताने ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश नागरिकांवर तसेच निर्बंध लादले: निघण्याआधी चाचणी, उतरल्यावर चाचणी, आठव्या दिवशी चाचणी आणि दहा दिवस विलगीकरण, लस घेतलेली असो वा नसो. तीन दिवसांत ब्रिटनने माघार घोषित केली आणि ११ ऑक्टोबरपासून भारतीय प्रमाणपत्र चालू लागलं. भारतानेही आपले निर्बंध मागे घेतले.

त्या आठवड्यात ना विषाणू बदलला होता, ना लस. भारताचा राग रास्त होता, हे माझं मत. तरी हेही नोंदवायला हवं, की लस घेतलेल्या ब्रिटिश पाहुण्यालाही डांबून ठेवण्यामागे कुठलंच आरोग्यशास्त्र नव्हतं. तो मुत्सद्देगिरीतला फटका होता, आणि तो प्रभावी ठरला. पुढे १४ फेब्रुवारी २०२२ पासून भारताने ८२ देशांच्या प्रवाशांना आरटीपीसीआरऐवजी लसीचं प्रमाणपत्र दाखवायची मोकळीक दिली. त्या यादीचा पायाही परस्पर मान्यतेचाच होता.

नियम बनवणारेही एकमताचे नव्हते. ओमायक्रॉन या करोना विषाणूच्या नव्या प्रकाराची बातमी आल्यावर महाराष्ट्राने ३० नोव्हेंबर २०२१ रोजी केंद्राहून कडक आदेश काढला. दुसऱ्याच दिवशी केंद्रीय आरोग्य सचिवांनी, हे केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांशी जुळत नाही, असं पत्र राज्याला पाठवलं आणि राज्याने लगोलग आदेश बदलला. त्या दोन दिवसांत विमानात असलेल्या माणसाने कोणता नियम पाळायचा होता?

ओमायक्रॉननेच प्रवासबंदीची मर्यादा दाखवून दिली. दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नवा प्रकार प्रामाणिकपणे जगाला कळवला आणि एक-दोन दिवसांत त्यांच्यासाठी जगाची दारं बंद झाली. नंतर नेदरलँड्सने जुने नमुने तपासले तेव्हा १९ आणि २३ नोव्हेंबरच्या नमुन्यांतच तो सापडला. बंदी यायच्या आधीच तो युरोपात होता. जानेवारी २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आपत्कालीन समितीने, अशा बंदीने काही साधत नाही म्हणून ती उठवावी वा सैल करावी, असं सांगितलं. लसीचं प्रमाणपत्र ही प्रवेशाची एकमेव वाट ठेवू नये, कारण लस जगभर सारखी पोहोचलेली नाही, हेही त्याच बैठकीत म्हटलं गेलं. खबर देणाऱ्यालाच शिक्षा झाली, तर पुढच्या वेळी खबर उशिरा येईल. मला या साऱ्या प्रकरणातला सर्वांत मोठा धोका हाच वाटतो.

परस्पर विश्वासाचा एक जुना नमुना आपल्याकडे आहे: पीतज्वराची पिवळी पुस्तिका. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वर असलेल्या देशांतून भारतात येणाऱ्याकडे ती नसेल, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. लस कोणती चालेल, सही कोणाची, शिक्का कसा, मजकूर इंग्रजी की फ्रेंच, खाडाखोड केली तर काय, हे सारं आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांच्या परिशिष्टांत लिहिलेलं आहे. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, आणि ११ जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. पुणे असो वा नैरोबी, मान्यताप्राप्त केंद्रावरची नोंद सगळीकडे सारखीच वाचली जाते. करोनाच्या वेळी असा सामायिक आधार सुरुवातीपासून असता, तर मँचेस्टरचं ते जोडपं आणि पुण्यात लस घेऊन लीड्सला निघालेला एखादा विद्यार्थी या सगळ्यांचाच मनस्ताप वाचला असता.

त्या दिशेने थोडं काम झालं आहे. युरोपने १ जुलै २०२१ पासून वापरलेली डिजिटल प्रमाणपत्राची पद्धत २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या जाळ्यासाठी स्वीकारली. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत २०२४ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १९ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाली. त्यात आरोग्याची कागदपत्रं डिजिटल स्वरूपात असण्याला जागा आहे. क्यूआर कोडमागची सही खरी आहे की नाही, हे आता दुसऱ्या देशातलं यंत्र तपासू शकेल. त्या सहीमागची लस किंवा चाचणी मानायची का, हा निर्णय अजूनही ज्याच्या त्याच्या सरकारचाच आहे.

ज्यांच्या घरातलं कोणी परदेशी जातं-येतं, त्यांच्यासाठी एक काम मात्र कोणत्याही साथीची वाट न पाहता करण्यासारखं आहे. पासपोर्ट, आधार आणि लसीच्या नोंदी शेजारी ठेवून नाव, आडनाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळतात का ते पाहावं, आणि जुळत नसतील तर पासपोर्टच्या पुढच्या नूतनीकरणापर्यंत ते उरकून घ्यावं.